घाटात भरलेली गाडी बसते, कोड पी००८७: हाय-प्रेशर पंप बदलू का?

चिरेवाला_कराड

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची, सहाचाकी, बीएस-फोर, कॉमन रेल (म्हणजे हाय-प्रेशर पंप एका सामाईक नळीत, रेलमध्ये, डिझेल दाबून ठेवतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना जातं). रत्नागिरीकडून जांभ्याचे चिरे भरून कुंभार्ली घाटाने कराडला आणतो. चिपळूणपर्यंत काही त्रास नाही. पोफळी मागे पडून चढ लागला की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओढ कमी होते, चेक लाईट पेटतो आणि एखाद्या वळणावर इंजिन बसतं. मागे एसटी हॉर्न मारत असते, क्लिनर चाकाखाली दगड लावत असतो. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. रिकामी उतरताना कधीच बंद पडत नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी००८७ आला, म्हणजे रेल प्रेशर कमी. दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, फरक शून्य. आता मिस्त्री म्हणतो हाय-प्रेशर पंप गेलाय, सोबत इंजेक्टरही उतरवू. आकडा ऐकून इथे विचारायला आलो.

पावसाळ्याआधी टाकी गळत होती म्हणून उतरवून वेल्डिंग केली होती. टाकी ते पहिला फिल्टर हा पाईपही तेव्हाच नवा टाकला. त्याचा संबंध नसेल, पण सांगून ठेवतो.

डंपर_नंबर_एक

क्रँक सेन्सर बघ भाऊ, इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगतो तो. गरम झाला की सिग्नल सोडतो, थंड झाला की परत चालू. आमच्या डंपरला हेच होतं.

पंपरूम_सांगली

क्रँक सेन्सर असता तर इंजिन स्विच मारल्यासारखं एकदम बंद झालं असतं, आणि बंद पडायच्या आधीच आरपीएमचा काटा शून्यावर पडला असता. इथे आधी ओढ जातेय, मग इंजिन बसतंय. हे डिझेलचंच लक्षण आहे.

चिरेवाले, पंप उतरवू नका अजून. पी००८७ एवढंच सांगतो की ईसीएमने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, जेवढं प्रेशर मागितलं तेवढं रेलमध्ये आलं नाही. पंपाने दिलं नाही, की पंपालाच मिळालं नाही, हे त्या कोडला कळत नाही. मी पंपरूममध्ये, म्हणजे डिझेल पंप तपासायच्या-दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये, आयुष्य काढलं. बाहेरून आलेला चांगला पंप बेंचवर लावला की सगळे आकडे बरोबर यायचे आणि मालक आमच्याकडेच संशयाने बघायचा.

तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट पंपाच्या बाजूने साक्ष देते. गरम इंजिन पहिल्या सेल्फला चालू होतंय. पंप झिजला असता किंवा इंजेक्टर रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या पाईपला, जास्त डिझेल सोडत असते, तर गरम असतानाच सेल्फला सगळ्यात जास्त रडले असते. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून निसटतं, आणि सेल्फच्या फिरण्यावर इंजिन पेटायला लागणारे दोन-अडीचशे बार बनत नाहीत. तुमच्याकडे ते बनतायत.

आता टाकीकडून चला. टाकीपासून गिअर पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढून हाय-प्रेशर पंपाला देणारा छोटा पंप) भाग ओढीवर चालतो. तिथे पाईपला भेग असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे खाली थेंब दिसत नाही म्हणून लाईन ठीक, असं समजू नये. गिअर पंपाच्या आधी टी टाकून वॅक्युम गेज लावा आणि हातभर पारदर्शक पाईप जोडा. बुडबुडे दिसले तर कुठेतरी हवा शिरतेय: बँजोचा (पाईप जोडायच्या पोकळ बोल्टचा) तांब्याचा वायसर, हँड पंपाची सील, नाहीतर सैल क्लिप. बुडबुडे नाहीत पण गेजचा काटा चढत चाललाय, तर मागे टाकीकडे कुठेतरी गळा आवळलाय: टाकीतली जाळी, पाईप, नाहीतर टाकीच्या झाकणाचा श्वास. गेज लांब नळीने केबिनमध्ये घ्या आणि घाटातच बघा, कारण गॅरेजच्या दारात आयडलवर काटा हलणारसुद्धा नाही. नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. भरल्या चढावर ०.३ बारच्या पुढे गेला तर मी तरी लाईन उघडतो.

गिअर पंपाच्या पुढे, बारीक फिल्टरनंतरचं प्रेशरही घ्या. अशा गाड्यांत साधारण ४ ते ६ बार असतं.

आणि हो, जुन्या इनलाईन पंपाची सवय असलेले लोक चालू इंजिनवर नोझलच्या पाईपचा नट सैल करून बघतात. कॉमन रेलवर ते अजिबात करायचं नाही. हजार बारच्या वर प्रेशर असतं, ती धार कातडीतून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत हात सडतो. असं झालं तर घरी हळद लावत बसू नका, थेट हॉस्पिटल.

चिरेवाला_कराड

काका, गेज लावून गेलो. स्कॅनरही सोबत घेतला, क्लिनरकडे दिला. आयडलला मागितलेलं आणि मिळालेलं दोन्ही साडेतीनशेच्या आसपास, एकदम जुळतंय. घाटात मागणी १२०० बार, सुरुवातीला मिळतही होतं. मग गेजचा काटा हळूहळू ०.५ च्या वर सरकला, आणि रेल ९००, ७००, बंद. बुडबुडे जवळपास नाहीत. टाकीचं झाकण उघडलं, सूं आवाज आला नाही, म्हणजे झाकणाचा श्वास बंद नाही.

डंपर_नंबर_एक

मग जाळीच. वेल्डिंगचा कचरा अडकला असणार.

पंपरूम_सांगली

असू शकतं. पण टाकी उतरवण्याआधी कॅन लावून बघा. स्वच्छ डिझेलचा कॅन केबिनबाहेर पक्का बांधा, पहिल्या फिल्टरला त्यातून पाईप द्या. रिटर्नही कॅनमध्येच सोडा, नाहीतर अर्ध्या घाटात कॅन रिकामा. कॅनवर गाडी चढली तर टाकी, जाळी आणि तो नवा पाईप एवढंच उरतं. पाईप कुठला टाकलाय? वर काय छापलंय ते वाचा.

तोपर्यंत ओढून-ताणून भरलेल्या ट्रिपा मारू नका. या पंपाचं वंगण डिझेलच आहे. उपाशी चालवलात तर पंप खरोखर जाईल, आणि लोखंडाचा चुरा रेलमधून इंजेक्टरपर्यंत पोहोचेल. मीटरिंग युनिट (हाय-प्रेशर पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा व्हॉल्व्ह) काढून आत चकाकणारी पूड आहे का, हेही एकदा बघून घ्या.

चिरेवाला_कराड

कॅनवर गाडी घाट संपून हेळवाकपर्यंत न थांबता चढली, तीही पूर्ण भरून. रेल मागणीबरोबर हलत होतं. मीटरिंग युनिट स्वच्छ.

जाळीत थोडा गंज निघाला, पण डिझेल जात होतं. मग पाईप काढला. वरून नवा कोरा, छापलेलं काहीच नाही. ब्लेडने उभा चिरला तर आतला रबराचा थर फुगून मूळ भिंतीपासून सुटलेला. बोटाने दाबला की मधली वाट बंदच होते. ओढ वाढली की तो थर आत खेचला जायचा, गाडी थांबली की परत मागे बसायचा. गॅरेजवाल्याला दाखवला, तो म्हणाला पाईप तर नवाच होता की!

आता दुकानात काय मागू? तिथे सगळे काळे पाईप सारखेच दिसतात.

पंपरूम_सांगली

डिझेलसाठीचा नायट्राईल रबराचा, आत धाग्याची किंवा तारेची वीण असलेला, ओढीच्या लाईनला चालेल असा मागा. अंगावर कंपनीचं नाव आणि इंधनाचा उल्लेख छापलेला नसेल तर परत करा. रेडिएटरचा, हवेचा, पाण्याचा नको, स्वस्त असला तरी. आतला व्यास जुन्या मूळ पाईपाएवढाच घ्या, कमी नको. चॅसिसजवळून नेताना कोपऱ्यात मुडपू देऊ नका आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा. दोन्ही टोकांना नव्या क्लिपा. बसवल्यावर हँड पंपाने एअर काढा, मगच सेल्फ. गेज अजून एक ट्रिप राहू द्या.

डंपर_नंबर_एक

काका, आमच्या डंपरचा पाईपपण बिननावाचाच निघाला. उद्या बदलतो.