जंताचं औषध वेळेवर पाजूनही शेळी गेली. चुकलं कुठे?

कळपातला एक

माझ्याकडे 22 शेळ्या होत्या, आता 21. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना जंताचं औषध पाजतो, वहीत तारखा लिहिलेल्या आहेत. शेवटचा डोस अल्बेंडाझोलचा, 25 दिवसांपूर्वी.

गेलेली शेळी दुसऱ्या वेताची होती. आठ-दहा दिवस ती कळपाच्या मागे रेंगाळायची. मला वाटलं खूर दुखत असेल, म्हणून खूर तासले. मग जबड्याखाली लिंबाएवढी मऊ सूज आली. बोट दाबलं की खळगा पडायचा. संध्याकाळी चरून आली की सूज मोठी, सकाळी कमी. हगवण अजिबात नाही, लेंड्या अगदी घट्ट आणि गोल. म्हणून जंताचा संशयच आला नाही. परवा पहाटे मेलेली सापडली.

पशुवैद्यकांनी पोट उघडून दाखवलं. चौथ्या कप्प्याच्या आतल्या अस्तरावर केसांसारखे लालसर किडे वळवळत होते, दोन-अडीच सेंटीमीटर लांबीचे, शेकड्यांनी. बाकी मांस पांढरं फटक. ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. औषध बनावट होतं का? डोस कमी पडला? की कंपनी बदलू?

दावणीला

कंपनी बदला आणि दर महिन्याला पाजा. मी तेच करतो. डोस थोडा जास्तच द्यायचा, जंत राहतातच कसे बघू.

लेंडीपुराण

वरच्या सल्ल्याआधी दोन शब्द. मी जनावरांच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली लेंड्याच पाहिल्या. टोपणनाव उगाच घेतलेलं नाही.

तुम्ही पाहिलात तो हीमॉन्कस. मादी जंताच्या पोटातली रक्ताने भरलेली लाल आतडी आणि पांढरी अंडनलिका एकमेकींभोवती पिळलेली असतात, म्हणून ती लाल-पांढऱ्या दोरीसारखी दिसते. हा जंत रक्तावर जगतो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त घालवतो. ऐकायला काहीच नाही, पण 2000 जंत म्हणजे रोजचे 100 मिली. 20 किलोच्या शेळीत रक्त असतं जेमतेम दीड लिटर. रक्तातली प्रथिनं घटली की पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं आणि मान खाली घालून चरताना जबड्याखाली साचतं. म्हणून तुमच्या शेळीची सूज संध्याकाळी मोठी दिसायची. हगवण मात्र हीमॉन्कसमध्ये बहुतेक वेळा नसतेच. लेंडी बघून 'जंत नाहीत' म्हणणारे इथेच फसतात, तुम्ही एकटे नाही.

आता औषधाचं. दोन शक्यता आहेत. एक, औषधाने जंत मेलेच नाहीत. दोन, मेले, पण रानातून नवे आत गेले. मादी दिवसाला 5000 ते 10000 अंडी घालते, ती लेंडीतून जमिनीवर पडतात, ऊब आणि ओल मिळाली की आठवडाभरात अळ्या तयार होऊन दवासोबत गवतावर चढतात. त्यातल्या बहुतेक जमिनीपासून बोटभर उंचीतच असतात, म्हणून गवत मुळापर्यंत खरवडून खाल्लेल्या रानात जास्त गिळल्या जातात.

या दोन शक्यता वेगळ्या काढायचा एकच मार्ग, अंडी मोजणं. औषध द्यायच्या दिवशी मोजा, 14 दिवसांनी त्याच शेळ्यांची पुन्हा मोजा. चौदाच का? नव्याने गिळलेली अळी मोठी होऊन अंडी घालायला लागेपर्यंत जवळजवळ तीन आठवडे जातात. चौदाव्या दिवशी दिसलेली अंडी नव्या जंतांची नसतात, औषधातून वाचलेल्या जंतांची असतात. घट 95 टक्क्यांच्या खाली आली की ते औषध तुमच्या कळपात निकामी होत चाललं असं धरायचं.

दावणीला, राग मानू नका, पण दर महिन्याला सगळ्यांना पाजणं म्हणजे दर महिन्याला फक्त औषधाला न जुमानणारे जंत शिल्लक ठेवणं. थायाबेंडाझोल 1961 साली आलं आणि 1964 मध्ये त्याला दाद न देणारा हीमॉन्कस नोंदवला गेला. अल्बेंडाझोल त्याच कुटुंबातलं. आणि कंपनी बदलली तरी डब्यातलं औषध तेच असेल तर जंताला काय फरक? तो लेबल वाचत नाही.

मेंढवाट

आमच्याकडे मेंढ्या. लेंड्यांवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले की घाबरून औषध पाजायचो. त्याचं काय?

लेंडीपुराण

ते मोनिझिया, पट्टकृमीचे तुकडे. दिसतात भयंकर, सहसा नुकसान थोडं. बिचाऱ्याची बदनामी फार. खरा मारेकरी लेंडीत नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आणखी एक, महिना-दोन महिन्यांच्या करडांना पातळ हगवण लागली तर ती बहुधा कॉक्सिडिया असते. तो जंतच नाही, एकपेशी जीव आहे, त्याच्यावर जंताचं औषध ओतून काहीच होत नाही.

कळपातला एक

ताई, मनापासून आभार. अंडी घरी मोजता येतील का? आणि सगळ्यांना पाजायचं नाही, तर कुणाला पाजायचं हे कसं कळणार?

लेंडीपुराण

येतील. मॅकमास्टरची काचपट्टी, म्हणजे रेघा आखलेले दोन कप्पे असलेली अंडी मोजायची काच, आणि साधा सूक्ष्मदर्शक हवा. गरम पाण्यात मीठ विरघळवत राहा, तळाशी विरघळेनासं झालं की थांबा आणि पाणी गार होऊ द्या. 3 ग्रॅम लेंड्या 42 मिली मीठपाण्यात कुस्करा, गाळा, लगेच दोन्ही कप्प्यांत भरा. पाच मिनिटांत अंडी वर तरंगतात. रेघांच्या आतली मोजा, दोन्ही कप्प्यांची बेरीज गुणिले 50, म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. लेंड्या जमिनीवरून उचलू नका, थेट गुदद्वारातून घ्या. तासाभरात मोजणार नसाल तर फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर अंडी उबून फुटतात. यकृतातल्या चपट्या जंतांची अंडी जड असतात, ती यात तरंगत नाहीत. तेव्हा शून्य आलं म्हणजे शेळी सगळ्या जंतांपासून मोकळी, असं समजू नका.

कुणाला पाजायचं? खालची पापणी उलटून आतला रंग बघा, उन्हात, सावलीत नको. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचा तक्ता केला, फॅमाचा, फफा मालन यांच्या नावावरून. 1 म्हणजे लालभडक, 5 म्हणजे कागदासारखी पांढरी. 4 आणि 5 ला पाजायचंच, शेळ्यांत 3 लाही पाजलेलं बरं. बाकीच्यांना सोडा. त्यांच्या पोटातल्या जंतांनी औषध पाहिलेलं नसतं, त्यांची अंडी रानात पडत राहिली तर हट्टी जंतांचं प्रमाण पातळ राहतं. डोळे आले असतील तर मात्र पापणी खोटी लाल दिसते, जपून.

तुमच्या फिकट शेळ्यांना आता अल्बेंडाझोल देऊन वेळ घालवू नका. पशुवैद्यकांना विचारून वेगळ्या गटातलं द्या, बहुधा लेव्हामिसोल. ते जास्त झालं तर बाधतं, म्हणून वजन करूनच. अंदाजाने पाजणारे नेहमी हलकं वजन धरतात. शिवाय शेळीचं शरीर औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीचा डोस शेळीला पुरत नाही. गाभण शेळ्या असतील तर तेही सांगा, पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको.

कळपातला एक (महिन्याभराने)

सगळं केलं. पहिल्या दिवशी तासभर नुसते हवेचे बुडबुडे मोजले, हसू नका.

21 पैकी 14 जणींच्या पापण्या लाल किंवा गुलाबी, 3 मधल्या, 4 फिकट. फिकट आणि मधल्या अशा सातांना लेव्हामिसोल दिलं. त्यातल्या चार फिकट शेळ्यांची सरासरी ग्रॅममागे 4200 अंडी होती, दहा दिवसांनी 100. लाल पापणीच्या दहा जणींवर अल्बेंडाझोलची परीक्षा घेतली, ताणकाट्यावर वजन करून. आधी सरासरी 1800, चौदाव्या दिवशी 1150. घट 36 टक्के. म्हणजे माझ्या वहीतल्या त्या सगळ्या तारखा बहुतेक वायाच गेल्या. दावणीला, तुम्हीही एकदा मोजून बघा.

एक कोडं मात्र उरलं. भुरी माझी सगळ्यात देखणी शेळी. अंग भरलेलं, पापणी लाल, दूधही तिलाच जास्त. तिची अंडी 6400! मी काच पुसून पुन्हा मोजली, तेवढीच. आणि चांदी, रोडकी, तिची 100. भुरीला औषध द्यायचं का?

लेंडीपुराण

बुडबुड्याची कडा काळी आणि जाड असते, अंड्याची पातळ. आठवड्यात डोळा बसतो.

भुरी जंत सोसते, अडवत नाही. दोन्हींत फरक आहे. तिला स्वतःला त्रास नाही, पण रानात पेरणी तीच करते, आणि तिथे चरतात तुमची करडं. बहुतेक कळपांत असंच असतं, थोड्या जनावरांच्या पोटात बहुतेक जंत. तिला एकदा लेव्हामिसोल द्या. चांदी मात्र जंतांना आत टिकू देत नसावी. ती रोडकी का आहे ते वेगळं बघा, दातांपासून सुरुवात करा.

भुरीची करडं आहेत का?

कळपातला एक

एक आहे, पाच महिन्यांचा बोकड. पैदाशीला तोच ठेवायचा म्हणून राखलाय.

लेंडीपुराण

त्याची लेंडी मोजा आधी. चांदी कधी वितेय?