मोटरहोमच्या मागे लागणारे उतावळे वाहनचालक: न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर काय करावे?

सह्यवासी (प्रश्न)

आम्ही मूळचे पुण्याचे. सध्या न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर भाड्याच्या मोटरहोमने फिरत आहोत. गाडी साधारण सात मीटर लांब आहे, तिच्यात सहा जणांची निजण्याची सोय आहे. मी आणि माझे पती ती आळीपाळीने चालवतो, मागे दोन मुले आणि सासूबाई असतात. इथेही वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालत असल्यामुळे त्या बाबतीत काही अडले नाही. अडले आहे ते मागून येणाऱ्या वाहनांपाशी.

काल टेकापोहून वानाकाला येताना लिंडिस पास या खिंडीच्या चढावर एक पिकअप, ज्याला इथे यूट म्हणतात, आमच्या इतकी मागे चिकटली की आरशात ती दिसेनाशी झाली. चालकाने बराच वेळ हॉर्न वाजवला, डिपर मारला, शेवटी मधली रेघ पिवळी असतानाही ओव्हरटेक केले आणि पुढे गेल्यावर आमच्यासमोर मुद्दाम जोरात ब्रेक मारला. टक्कर टळली, पण कपाटातली भांडी खाली आली आणि मुले घाबरली. आम्ही वेगमर्यादा पाळत होतो, आपल्या लेनमध्ये होतो आणि कोणाच्या आडवे गेलो नव्हतो.

आता आम्हाला हास्टमार्गे पश्चिम किनाऱ्याला आणि तिथून आर्थर्स पास ओलांडून क्राइस्टचर्चला जायचे आहे. मागच्या वाहनाला वाट करून देणे ही इथे आमची जबाबदारी आहे, की तो केवळ सौजन्याचा भाग आहे? आणि कोणी मुद्दाम त्रास देऊ लागला तर थांबावे, की चालत राहावे? ज्यांनी या रस्त्यांवर मोठी गाडी चालवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कँटरबरीकर

पुढे जाऊन मुद्दाम ब्रेक मारणे हा सरळसरळ धोकादायक बेदरकारपणा आहे आणि त्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. मात्र त्या क्षणाच्या आधी मागच्या माणसाचा जो पारा चढत जातो, तो बऱ्याच अंशी मोटरहोम चालवणाऱ्याला रोखता येतो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की ही कायदेशीर जबाबदारी आहे. इथल्या २००४ च्या रस्तावापर नियमांनुसार तुमच्या वेगामुळे मागची वाहतूक अडून राहत असेल, तर जितक्या लवकर सुरक्षितपणे शक्य असेल तितक्या लवकर तिला वाट करून द्यावी लागते. तुम्ही वेगमर्यादा पाळत होता हे बरोबरच आहे. पण मर्यादा पाळणे आणि रस्ता न अडवणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत आणि पर्यटकांना सहसा पहिलेच ठाऊक असते. त्यात आणखी एक गुंता आहे. खुल्या रस्त्यावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असते, तर भारासहित कमाल वजन ३५०० किलोपेक्षा अधिक असलेल्या वाहनांना ९० ची. सहा जणांच्या अनेक मोटरहोम या वजनाच्या वर जातात, तेव्हा गाडीच्या कागदपत्रांत तो आकडा आजच पाहून घ्या. म्हणजे तुम्ही अगदी नियमाने चाललात तरी मागचा माणूस तुमच्यापेक्षा १० ने वेगवान असण्याचा हक्कदार आहे, आणि ते १० च सगळ्या भांडणाचे मूळ आहे.

हे कसे ते हिशेबाने पाहा. तुमच्या मागे २५ मीटरवर असलेली मोटार तुम्हाला ओलांडून पुढे २५ मीटरवर पुन्हा डावीकडे येईपर्यंत, दोन्ही गाड्यांची लांबी धरून, तुमच्यापेक्षा सुमारे ६० मीटर जास्त अंतर कापते. तुम्ही ९० ने आणि ती १०० ने जात असेल तर तिला यासाठी जवळजवळ २२ सेकंद आणि ६०० मीटर रस्ता लागतो. समोरूनही कोणी १०० ने येत असेल हे गृहीत धरले, तर तिला सव्वा किलोमीटर मोकळा रस्ता दिसायला हवा, आणि या डोंगराळ भागात तो फार थोड्या ठिकाणी दिसतो. तुम्ही मात्र सरळ टप्प्यावर वेग ८० वर आणलात, तर तेच काम ११ सेकंदांत आणि ३०० मीटरमध्ये होते. तुमचे काही सेकंद जातात आणि मागचा माणूस वळणावर जीव धोक्यात घालण्याऐवजी सरळ रस्त्यावर निघून जातो. आपल्या बाजूला पिवळी रेघ असेल तेथे मात्र अशा हेतूने वेग कमी करू नका, कारण ते त्याला नियम मोडायचे आमंत्रण दिल्यासारखे होते.

ओव्हरटेकसाठी ज्या ठिकाणी जादा लेन काढली आहे, तिथे रस्ता रुंद आणि सोपा असतो, त्यामुळे चढावर ६० ने रांगणारी मोटरहोम नकळत ९५ वर जाते आणि लेन संपली की पुन्हा ६० वर येते. मागे अडकलेल्या स्थानिक माणसाला सर्वांत जास्त चीड याचीच येते, आणि माझ्या मते ती रास्त आहे. जादा लेन सुरू होताच डावीकडची लेन धरा आणि वेग वाढवू नका. याशिवाय चढांवर संथ वाहनांसाठी लहान जागा ठेवलेल्या असतात. त्यांची पाटी आधीच लागते, ती पाहण्याचे काम शेजारी बसलेल्या व्यक्तीकडे द्या. अशा जागेतून पुन्हा रस्त्यावर येताना मुख्य लेनमधल्या वाहनांना आधी जाऊ द्यावे लागते, हे विसरू नका.

निवृत्त सारथी

मी एसटीत चालक होतो आणि सध्या मुलीकडे नेल्सनला राहतो. वरील हिशेब पटला, परंतु ‘वाट करून द्या’ हा सल्ला नवख्या माणसाने अर्धवट घेतला तर तो यूटवाल्यापेक्षा अधिक धोक्याचा ठरेल, म्हणून थोडी भर घालतो.

मागून हॉर्न वाजला म्हणून मिळेल त्या कडेला गाडी घालू नका. पश्चिम किनाऱ्यावर पाऊस फार पडतो, त्यामुळे डांबराच्या बाहेरची खडी वरून घट्ट दिसली तरी आतून भुसभुशीत असू शकते, आणि इतक्या वजनाचे डावे चाक एकदा तिच्यात रुतले की गाडी कलते. जागा दिसेल अशी, लांब आणि पक्की असेल तरच थांबा. इंडिकेटर खूप आधी द्या, वेग हळूहळू उतरवा, आणि नसेल तशी जागा तर मागच्याला आणखी दोन किलोमीटर कळ काढू द्या. नियमातही ‘सुरक्षितपणे शक्य असेल तेव्हा’ असेच म्हटले आहे. मागच्याची घाई ही तुमची घाई नव्हे.

कोणी मागे चिकटला की नवखा चालक वेग वाढवतो किंवा त्याला धाक म्हणून ब्रेकला हलका पाय लावतो. दोन्ही गोष्टी घातक आहेत. अशा वेळी आपल्या पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढवावे. इथे कोरड्या रस्त्यावर दोन सेकंदांचे आणि ओल्या रस्त्यावर चार सेकंदांचे अंतर ठेवायला सांगतात. मागे कोणी चिकटलेला असेल तर मी कोरड्या रस्त्यावरही चार धरतो. पुढे मोकळी जागा असली की तुम्हाला एकदम ब्रेक मारावा लागत नाही, आणि तुम्ही एकदम ब्रेक मारला नाही तर मागचा तुमच्यावर येऊन आदळत नाही. म्हणजे त्याने सोडलेले अंतर तुम्हीच दोघांच्या वतीने राखायचे. हे अन्यायाचे आहे, पण प्रवासी घेऊन चालणाऱ्याला न्याय-अन्यायाचा विचार स्टँडवर पोहोचल्यावर करता येतो.

आपल्याकडच्या काही सवयी इथे आवर्जून सोडाव्या लागतील. आपल्या महामार्गांवर मालमोटारीचा चालक इंडिकेटर किंवा हात दाखवून मागच्याला ‘ये, रस्ता मोकळा आहे’ असे सांगतो. इथे इंडिकेटरचा अर्थ तुम्ही वळणार आहात एवढाच होतो, आणि तुमच्या खुणेवर विसंबून कोणी पुढे गेला आणि समोरून वाहन आले तर परिणाम भयंकर होईल. ओव्हरटेक करायचे की नाही हे त्याचे त्याला ठरवू द्या. तसेच आपल्याकडे हॉर्न म्हणजे बहुतेक वेळा ‘मी इथे आहे’ एवढीच सूचना असते. इथे लोक तो इतका क्वचित वाजवतात की वाजला म्हणजे राग आला असेच समजले जाते. त्यामुळे तुम्ही सहज वाजवलेला हॉर्नही समोरच्याला शिवीसारखा लागू शकतो. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट देण्याचा आपला नियमही इथल्या एकेरी पुलांवर लावू नका. तिथे पाटीच सांगते: लाल कडेच्या गोल पाटीवर तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचे, आणि निळ्या चौकोनी पाटीवर तो मोठा आणि पांढरा असेल तर तुम्हाला आधी जाण्याचा मान आहे. तो मान असला तरी समोरचा खरोखर थांबला आहे हे पाहूनच पुलावर चढा.

दुधाचे टँकर आणि लाकडाचे ट्रक तुम्हाला ओलांडतील तेव्हा हवेच्या झोताने मोटरहोम आधी डावीकडे ढकलली जाते आणि मग टँकरकडे ओढली जाते. तो टँकरवाल्याचा आगाऊपणा नव्हे. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि उलट झटका देऊ नका.

सह्यवासी

दोघांचेही मनापासून आभार. वजनाचा आकडा पाहिला, आमची गाडी ३५०० किलोच्या वर आहे, म्हणजे ९० ची मर्यादा आम्हाला लागू होते. आता समोर येऊन ब्रेक मारणाऱ्याविषयी कोणी सांगेल का? काल तो पुढे जाऊन कडेला थांबला होता आणि आम्ही न थांबता निघून आलो. सासूबाईंचे म्हणणे असे की खाली उतरून दोन शब्द गोडीने बोललो असतो तर तिथल्या तिथे मिटले असते. मुलांसमोर यावर बराच वाद झाला.

रातराणी

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, परंतु या बाबतीत तुम्ही न थांबता निघून आलात तेच योग्य होते. मी अनेक वर्षे क्वीन्सटाउनजवळ राहते आणि इथल्या बहुसंख्य लोकांशी गोडीने बोलून खरोखरच मिटते. पण ज्याने तुमच्यासमोर मुद्दाम ब्रेक मारला, तो त्या क्षणी बहुसंख्यांत मोडत नाही, आणि निर्मनुष्य घाटात ते तपासून पाहण्यात अर्थ नाही.

पर्यटकांच्या गाडी चालवण्यावरून इथे जुना राग आहे. २०१५ च्या सुमारास काही स्थानिकांनी परदेशी पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या अडवून त्यांच्या चाव्या काढून घेतल्याच्या घटना बातम्यांत गाजल्या होत्या आणि असे करू नका, आम्हाला कळवा, असे पोलिसांना लोकांना सांगावे लागले होते. त्या लोकांच्या दृष्टीने ते अपघात टाळत होते, हे मला समजते. तरीही अनोळखी माणूस खिडकीशी येऊन चावीला हात घालू शकतो ही शक्यता ध्यानात ठेवून चालत्या प्रवासात पुढची दारे आणि मागचे राहण्याच्या भागाचे दार आतून बंद ठेवा. मोटरहोममध्ये हे मागचे दार हटकून विसरले जाते.

कोणी पुढे जाऊन ब्रेक मारू लागला तर तुम्ही वेग कमी करत राहा आणि त्याच्या आणि तुमच्यामध्ये भरपूर अंतर पडू द्या. हॉर्न, डिपर, हातवारे, रोखून पाहणे, यांपैकी काहीही करू नका. तो पूर्ण थांबला तर त्याला खेटून थांबू नका, कारण मोटरहोम पटकन मागे घेता येत नाही. बाजूने सुरक्षितपणे निघून जाता येईल इतकी जागा मध्ये सोडा. तो पाठलाग करत आहे असे वाटले तर निर्जन विसाव्याच्या जागी किंवा रात्रीच्या मुक्कामाच्या ठिकाणी मुळीच वळू नका. पेट्रोल पंप, दुकाने, हॉलिडे पार्कचे स्वागतकक्ष किंवा पोलीस ठाणे असलेल्या गावापर्यंत चालत राहा आणि तिथेही लोक दिसेपर्यंत खाली उतरू नका. जिवाला धोका वाटला तर १११ हा आपत्कालीन क्रमांक, आणि जिवाला धोका नसेल पण बेदरकार वाहनाची माहिती लगेच द्यायची असेल तर मोबाइलवरून स्टार ५५५ लावा. फोन चालकाने नव्हे तर शेजारच्या व्यक्तीने करायचा. गाडीचा क्रमांक, रंग, रस्ता, दिशा आणि वेळ कागदावर लिहून ठेवा. खिडकीतून मोबाइल उगारून चित्रण करू नका, त्याने राग वाढतो. पुढच्या काचेवरचा छोटा डॅशकॅम मात्र अवश्य लावा, इथे तो लावायला हरकत नाही.

कालच्या प्रसंगाची माहितीही आज दिलीत तरी चालेल. क्रमांक नसेल तरी यूटचा रंग आणि वेळ सांगा.

कँटरबरीकर

वरील सल्ल्यात एक अडचण आहे ती आत्ताच सांगतो. हास्ट पासच्या रस्त्यावर आणि त्यापुढे किनाऱ्याच्या मोठ्या भागात मोबाइलला रेंज मिळत नाही, त्यामुळे १११ लागेलच असे नाही. पोलीस ठाणेही लांब लांब आहे. म्हणून त्या टप्प्यावर रांग होण्याआधीच वाट करून देणे हाच तुमचा मुख्य बचाव आहे. आरशात एक वाहन दिसले तर पुढच्या चांगल्या जागेचा विचार सुरू करा. दोन-तीन जमेपर्यंत वाट पाहिलीत तर त्यातला शेवटचा माणूस तुम्हाला कधीच ‘नवा’ भेटत नाही, तो आधीच तापलेला असतो. डिझेल वानाकातच भरून घ्या, म्हणजे पंपाच्या चिंतेने घाई होणार नाही. आणि वाट द्यायला थांबलात तर दार उघडून पाय मोकळे करायचा मोह टाळा, तिथल्या सँडफ्लाय, म्हणजे चावणाऱ्या बारीक माश्या, यूटवाल्यापेक्षा चिकाटीच्या असतात.

हास्टची खिंड स्वतः फारशी उंच नाही. आर्थर्स पास मात्र तुम्ही पश्चिमेकडून चढणार आहात आणि ओटिरा गावाच्या बाजूचा चढ उभा आहे. १९९९ मध्ये ४४० मीटर लांबीचा पूल झाल्यापासून जुनी अवघड वळणे सुटली, तरी सात मीटरची भरलेली गाडी तिथे खालच्या गिअरमध्येच चढते. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर गेलेले क्राइस्टचर्चचे लोक रविवारी दुपारनंतर याच चढावर तुमच्या मागे असतील, तेव्हा तो टप्पा आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी ठेवा.