हामोत्सी म्हटल्यावर पिल्लांचं दूध आठवलं तर?

प्रश्न:
कुत्र्याची तीन आठवड्यांची दोन पिल्लं आहेत, आई नाही, बाटलीवर आहेत. वजन साधारण 500 ग्रॅम. हात धुतले, हामोत्सी (पाव खाण्याआधी ज्यू म्हणतात ती ब्राखा, म्हणजे आशीर्वचन) म्हटली आणि घास मोडायच्या आत पिल्लांच्या दुधाची वेळ झाल्याचं लक्षात आलं, तर ब्राखा पुन्हा म्हणायची का? आणि शब्बातला (शुक्रवार संध्याकाळपासूनचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा अन्न शिजवायची मनाई असते) दूध कोमट कसं करायचं?

उत्तर 1:
पुन्हा म्हणू नका. जनावराला उपाशी ठेवून स्वतः जेवायची मनाई आहे, म्हणून ब्राखा आणि घास यांच्यामध्ये ‘बैलांचा चारा कालवा’ असं बोललं तरी ती मोडत नाही, असं राव शेशेत यांचं मत तालमूदमध्ये (ज्यूंचा जुना धर्मशास्त्रग्रंथ), बराखोत 40अ या पानावर आहे. आधार तोरातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या 11:15 चा: तिथे आधी गुरांचं गवत येतं, माणसाचं जेवण नंतर. शुल्खान आरूख या ज्यू नियमसंहितेतही (ओराख हाइम 167:6) हेच आहे. फक्त तिच्यावर टिपा लिहिणारे रेमा म्हणतात, शक्यतो मध्ये बोलूच नये. विषयाबाहेरचं काही बोललात तर मात्र ब्राखा पुन्हा म्हणावी लागते.

घरात दुसरं कुणी असेल तर ‘पिल्लांना दूध दे’ एवढं सांगून पाव खा. एकटे असाल तर आधी घास घ्या, मग उठा, कारण बाटली पाजायला वेळ लागतो. खरं म्हणजे पिल्लांना पाजूनच हात धुवावेत, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

शब्बातसाठी दूध शुक्रवारीच उकळलेल्या पाण्यात कालवून फ्रिजमध्ये ठेवा. 24 तासांच्या आत संपवा. तापवलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात बाटली उभी करा. ऊबेची गादी सूर्यास्तापूर्वीच चालू ठेवा. तपशील तुमच्या रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) विचारा.

उत्तर 2:
पाजण्याबद्दल. गाईचं दूध नको, पिल्लांसाठीची दूध पावडरच वापरा. एका वेळी 100 ग्रॅम वजनाला जास्तीत जास्त 4 मिली, म्हणजे तुमच्या पिल्लाला 20 मिली. दर 4 तासांनी. दूध 38 अंशांच्या आसपास हवं. पिल्लू पोटावरच ठेवा, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. नाकातून दूध आलं तर ताबडतोब थांबा.

सगळ्यात मोठी चूक: गार पडलेल्या पिल्लाला पाजणं. अंगाचं तापमान 35 अंशांखाली असेल तर आतडी चालत नाहीत, दूध पोटात तसंच साचतं. आधी तासा-दोन तासांत हळूहळू ऊब द्या, मगच बाटली. रोज त्याच वेळी वजन करा. एक दिवसही घटलं तर पशुवैद्य गाठा.

प्रश्नकर्ता:
आभार. हाल्लाचा (शब्बातच्या पावाचा) तुकडा दिला तर चालेल?

उत्तर 2:
या वयात नको. मनुका घातलेली हाल्ला कुत्र्याला कधीच नाही. मनुका आणि द्राक्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कच्चं पीठ तर कडीकुलपात ठेवा: यीस्टमुळे ते पोटात फुगतं आणि मद्यार्क तयार होतो. किद्दूशची (शब्बातच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेची) वाइनही जमिनीवर सांडू देऊ नका.