ऑफ-रोडसाठी पार बदललेली जुनी जिप्सी घेतली, ६० च्या पुढे स्टेअरिंग हातात राहत नाही

गुरांचा_डॉक्टर

नमस्कार मंडळी. मी जनावरांचा डॉक्टर, मलकापूरला असतो. शाहूवाडी तालुक्यातलं मलकापूर, बुलढाण्याचं नव्हे. आंबा, गजापूर, येळवण जुगाई या बाजूच्या वाड्यांवर माझं फिरणं. म्हैस अडली की फोन रात्री दोनलाच येतो, आणि जुलैत शेवटचे दोन किलोमीटर रस्ता नसतोच, नुसता राडा असतो. मोटरसायकल दोनदा पाडली. दुसऱ्यांदा कृत्रिम रेतनाचं नायट्रोजनचं कंटेनर ओढ्यात गेलं, तेव्हा बायको म्हणाली, आता चारचाकी घ्या नाहीतर दवाखाना एवढाच धंदा करा.

म्हणून मार्चमध्ये मारुतीची जिप्सी घेतली. २००७ ची किंग मॉडेल, एमपीएफआय म्हणजे पेट्रोल इंजेक्शनवाली, कापडी टपाची. आधीचा मालक हौशी. इंजिन सोडलं तर कंपनीचं काय उरलंय हे शोधावं लागतं. ३१ इंची मड टायर, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) अ‍ॅक्सलच्या वर घेतलेले, स्नॉर्केल (इंजिनला वरून हवा देणारा पाइप), पुढे लोखंडी चॅनेलचा बंपर आणि त्यात विंच (रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र), आत रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपचा पिंजरा), रेसिंगवाल्यांच्या बकेट सीट. मागचा डिफ, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा डिफरन्शियल, वेल्ड मारून लॉक केलाय म्हणे. चार लाख दहा हजारांना पडली. विकणाऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, गाडी ओढ्यातून छातीभर पाण्यात चाललीय. मी भुललो, कबूल करतो.

घरी आणली तर आमचे आबा खालूनच बघत राहिले. म्हणाले, "ही गाडी हाय का माचाण?" वय ७४, गुडघे गेलेले. दुधाचा क्रेट उलटा घालून त्यावरून चढतात. उतरले की क्रेट परत आत घ्यायला मला खाली यावं लागतं.

चिखलात गाडी एक नंबर, तक्रार नाही. त्रास डांबरी रस्त्यावर. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याला ५५-६० ला एखादा खड्डा लागला की स्टेअरिंग असं थरथरायला लागतं की दोन्ही हातांनी धरलं तरी मनगटं हलतात. ३० वर आणल्याशिवाय थांबत नाही. एकदा मागून ट्रक होता. पाचवा गिअर टाकला की गाडी मरते. वळणावर मागची चाकं कुरकुरतात. दोन ठिकाणी अलाइनमेंट केलं, दोघांनी पैसे घेतले, फरक शून्य. एकाने स्टेअरिंगचे झटके जिरवणारा डँपर बदलला, आठ दिवस बरं वाटलं, मग परत तेच.

हे दुरुस्त होण्यासारखं आहे का? की विकून साधी जिप्सी बघू?

तेराचा_पाना

डॉक्टर, उद्यमनगरात तीस वर्षं हात काळे केलेत, म्हणून बोलतो. विकू नका. पण डँपरच्या नादालाही लागू नका. थरथर दाबायला डँपर म्हणजे ताप उतरवायला गोळी, आत पू तसाच. हे तुम्हाला मी काय सांगायचं!

जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड. प्रत्येक चाकाच्या नकलमध्ये (चाक वळवणारा सांधा) वर एक आणि खाली एक असे किंगपिनचे, म्हणजे नकल ज्यावर वळते त्या खुंटीचे, बेअरिंग, मिळून चार. ते ढिले झाले किंवा पाणी जाऊन गंजले की चाक आपल्या मर्जीने डोलायला लागतं. ३१ चा टायर कंपनीच्या टायरपेक्षा कितीतरी जड, तो डोलायला लागला की अख्खी गाडी डोलवतो. अलाइनमेंटवाल्याच्या मशिनला हे दिसत नाही, तो टो-इन, म्हणजे चाकं पुढून किती आत वळलीत ते, बघतो आणि बिल फाडतो.

आधी फुकटातली तपासणी करा. पुढचं चाक उचला, वरून-खालून धरून हलवा. खेळ असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन. मग नकल खोला. बसवताना शिम (पत्र्याच्या पातळ चकत्या) घालून ताण जमवायचा, तोही अंदाजाने नाही. ऑइल सील न लावता टाय रॉडच्या (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) भोकाला स्प्रिंगकाटा अडकवून ओढायचं, १ ते १.८ किलोला नकल फिरायला सुरुवात झाली पाहिजे. हाताने गरागरा फिरतंय म्हणजे ढिलं. आमच्याकडची पोरं काटा काढायचा कंटाळा करतात, आणि गिऱ्हाईक महिन्याने परत येतं.

दुसरी गोष्ट पाट्यांची. कंपनीत पाटे अ‍ॅक्सलच्या खालून असतात. ते वर घेतले की गाडी साधारण पाच इंच उचलते. ऐकायला सोपं. पण त्यासाठी अ‍ॅक्सलवर पाट्याची नवी बैठक वेल्ड करावी लागते, आणि चाकाचा कॅस्टर, म्हणजे किंगपिन मागे किती कलतो तो कोन, ती बैठक ठरवते. वेल्डरने डोळ्याने बघून ठोकली असेल तर डावी-उजवीकडे फरक येतो. शिवाय स्टेअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) आता तिरका उभा राहिला असणार. खड्ड्यात चाक वर गेलं की स्टेअरिंग आपोआप ओढलं जातं, तुमची थरथर तिथूनच सुरू होते. फोटो टाका, गाडीखाली झोपून काढलेले. बाजूने काढलेले नकोत, ते सगळ्या गाड्यांचे छानच येतात.

म्हापशेकर

पान्याचं म्हणणं बरोबर. मी एक जोडतो. व्हिडिओत छातीभर पाणी बघितलंत ना, मग डिफचं ऑइल आजच बघा. नट काढून बोट घाला, दुधाळ चहासारखं आलं तर आत पाणी आहे. अ‍ॅक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायचं तोंड, कंपनीत खालीच असतो. गरम अ‍ॅक्सल पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी ओढून घेते. नळी लावून ब्रीदर बॉनेटपर्यंत वर आणायचा, दोनशे रुपयांचं काम. आमच्याकडे गोव्यात २०१४ ला पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोडची स्पर्धा सुरू झाली, तिथे भारी भारी गाड्या बघितल्या. चिखलात रुतणं नेहमीचंच. पण गाडी ट्रेलरवर घरी जाते ती असल्या दोनशेच्या नळीपायी.

स्नॉर्केल खरा की शोभेचा तेही बघा. इंजिन चालू ठेवून स्नॉर्केलच्या तोंडावर तळहात घट्ट दाबा. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर हवा भलतीकडून येतेय, आणि पाणीही तिथूनच येणार.

रेवती_भोर

डॉक्टर, टायरमध्ये हवा किती भरताय? पंपवाला ३५ मारत असेल. जिप्सीचं वजन एक टनाच्या आसपास. या मापाचे टायर त्याच्या दुप्पट वजनाच्या गाड्यांसाठीही बनतात, टायरवर लिहिलेला आकडा तुमचा नाही. रस्त्याला २२ ठेवा. चिखलात १४ पर्यंत उतरवा, परत डांबराला लागण्याआधी भरा. छोटा कंप्रेसर सीटखाली ठेवायचा.

पाचव्या गिअरचं गणित सोपं आहे. कंपनीचा २०५/७० आर १५ धरला तर त्याचा व्यास सव्वीस इंचांच्या थोडा वर. तुमचा ३१. म्हणजे टायर जवळजवळ १८ टक्के मोठा. मीटरवर ६० दिसतं तेव्हा तुम्ही ७० ला असता! आणि लो गिअरची ताकदही तेवढीच खाल्ली जाते. जिप्सीच्या ट्रान्सफर केसचा (चारही चाकांना ताकद वाटणारा, चिखलासाठी जास्त ताकदीचा लो गिअर देणारा डबा) लो २.२७ चा, या टायरवर तो १.९२ असल्यासारखा वागतो. ऑफ-रोडची गाडी बनवायला निघालेल्या माणसाने ऑफ-रोडचाच गिअर कमी करून ठेवला. मला या टायरवेडाची गंमत वाटते, फोटोत टायर दिसतो, गिअर दिसत नाही.

आता कटू बोलते. आरसी बघितलीत का? २००७ ची गाडी म्हणजे २०२२ ला पंधरा वर्षं झाली, फेरनोंदणी झालीय का, मुदत कधीपर्यंत? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असे बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. पुढच्या लोखंडी बंपरवर तर डिसेंबर २०१७ पासून केंद्राचं परिपत्रक आहे. पोलीस सोडतात म्हणून बरं, पण उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने फोटो काढले तर? माझ्या ओळखीत एकाचा दावा नुसत्या टायरवरून अडकला होता.

आणि एक विनंती. तुम्ही कामासाठी जाता, तुम्हाला उद्देशून नाही, इथे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगते. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गाड्या घालू नका. कातळावरची चार बोटं माती आणि तिच्यातली फुलं मड टायरच्या एका फेरीत जातात.

गुरांचा_डॉक्टर

सगळ्यांचे आभार. रविवारी गाडी मित्राच्या शेडमध्ये घेतली आणि दोघांनी मिळून उघडली. जे सापडलं ते सांगतो.

चाक वरून-खालून हलवलं, ब्रेक दाबूनही खेळ तसाच. नकल खोलली. आतलं ग्रीस ताकासारखं, पांढरट, पाणी सुटलेलं. उजवीकडच्या वरच्या बेअरिंगच्या वाटीवर रोलरने रेघा पाडलेल्या, नख फिरवलं तर प्रत्येक रेघेत अडकतं. म्हणजे चाक सरळ असताना बेअरिंग त्या खाचांत बसायचं आणि वळवताना खाच सोडून उडी मारायचं. इतके दिवस मला वाटायचं स्टेअरिंग सरळ असताना "जागेवर बसतं", मी त्याला चांगलं लक्षण समजत होतो!

पाट्याच्या बैठकीवर कोनमापक ठेवला. डावी आणि उजवी यांत अडीच अंशांचा फरक. आणि डावीकडच्या वेल्डला केसासारखी चीर. वरून काळा रंग मारला होता, वायर ब्रश फिरवल्यावर दिसली. ती बघून मी शेडमध्ये खालीच बसलो. याच गाडीतून आबांना कोल्हापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं.

मागच्या डिफचं ऑइल दुधाळ. स्नॉर्केलवर हात ठेवला, इंजिन मजेत चालू. एअर बॉक्सच्या जोडाला रबरच नाही.

म्हापशेकर, तुमच्या दोनशेच्या नळीची गोष्ट मित्राने शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलीय.

डेन्व्हरचा_देशपांडे

कॉलोराडोतून लिहितोय. माझ्याकडे १९८७ ची सुझुकी सामुराई आहे, तुमच्या जिप्सीची सख्खी बहीण, फक्त बुटकी. हिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २०३० मिमी, जिप्सीचा २३७५. म्हणून चढाला जिप्सी नाक कमी उचलते, त्याबाबतीत तुम्ही नशीबवान.

इकडे पाटे वर घेणं अगदी सर्रास चालतं, त्यामुळे तो प्रकारच वाईट असं म्हणणार नाही. पण करणारे त्याबरोबर ट्रान्सफर केसचे गिअर बदलतात, ४.१६ चा सेट मिळतो. सुझुकीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी लटकते, त्यामुळे गिअरबॉक्सला हात न लावता ते काम होतं. ड्रॅग लिंक वाकवून किंवा वर घेऊन सरळ करतात, आणि मागच्या अ‍ॅक्सलला पीळ बसू नये म्हणून एक दांडा देतात. पाटे वर असले की लो पहिल्या गिअरला अ‍ॅक्सल गोल फिरू बघतो आणि पाटा वाकून एसच्या आकाराचा होतो. तुमच्या गाडीवर यातलं काहीच नाही. हौस अर्ध्यावर सोडलेली आहे.

माझी सामुराई ट्रेलरवर डोंगरापर्यंत जाते आणि ट्रेलरवर परत येते. तुम्हाला रात्री दोनला अडलेल्या म्हशीकडे जायचंय. त्यामुळे माझी गाडी बघून तुमची बनवू नका.

तेराचा_पाना

देशपांडे साहेब लाख बोललात.

डॉक्टर, ती चीर परत वेल्ड करून गाडी चालवू नका. ती बैठक कापूनच काढायची. पाटे कंपनीसारखे खाली घ्या, नवे पाटे घालून दीड-दोन इंच उंची मिळाली तर पुष्कळ. टायर २३५/७५ आर १५ घाला, एकोणतीस इंचांच्या आतबाहेर, जिप्सीला झेपतो. मागचा वेल्ड मारलेला डिफ काढून साधा बसवा. ओल्या घाटात लॉक डिफ म्हणजे वळणावर मागचं बूड बाहेर, अणुस्कुऱ्याला जाणाऱ्याने तर ठेवूच नये. विंच राहू दे, तुमच्या कामाला तीच खरी. बंपर मात्र रेवतीताई म्हणतात तसा बघून घ्या. कापण्याआधी अ‍ॅक्सलचं हाउसिंग (बाहेरची नळी) घेऊन माझ्याकडे या, वाकलंय का ते लेथवर लावून बघू.

गुरांचा_डॉक्टर

दीड महिन्याने लिहितोय, कामात होतो.

हाउसिंग सरळ निघालं. बैठका कापल्या, पाटे खाली गेले, चारही किंगपिन बेअरिंग नवे. पानाकाकांनी स्वतः काटा लावून शिम जमवले, सव्वा किलोला आणून सोडलं, मजुरी घेताना मात्र चहाच मागितला. डिफ साधा बसवला. ३१ चे टायर आणि बकेट सीट विकल्या, त्यातून २३५ चे चार टायर आले, वर अकरा हजार घालावे लागले. चॅनेलचा बंपर भंगारात गेला, विंच चॅसिसला आतून प्लेट देऊन बसवली. एकूण खर्च ७८ हजार. फेरनोंदणी झालेली होती, मुदत २०२७ पर्यंत आहे, तेवढं नशीब.

काल मलकापूर ते शिरोली ७५ ने गेलो. मुद्दाम खड्ड्यात घातली, एकदा झटका बसला आणि संपलं. पाचवा गिअर वापरता येतो. चिखलात आधीसारखी बेफाम चालत नाही हे खरं, परवा गजापूरच्या अलीकडे एका ठिकाणी रुतलो, विंचने आंब्याच्या झाडाला पट्टा बांधून बाहेर आलो, वीस मिनिटं गेली. रेडी वाचली.

आबा आता क्रेटशिवाय चढतात. तरी क्रेट गाडीतच ठेवायला सांगितलाय, नायट्रोजनचं कंटेनर त्यात नेमकं बसतं.