आभासी वास्तवाची मुळे १९८० च्या आधीची

आपल्या लेखात आभासी वास्तवाची (व्हर्च्युअल रिॲलिटी), म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून संगणकाने उभ्या केलेल्या जगात वावरण्याच्या तंत्राची, सुरुवात १९८० च्या दशकात संगणकतज्ज्ञ जॅरन लॅनियर यांच्यापासून झाली, असे आपण लिहिले आहे. ती संज्ञा रूढ करण्याचे श्रेय त्यांचे आहेच, परंतु डोक्यावर घालायच्या यंत्राचे श्रेय संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांना द्यायला हवे. १९६८ मध्ये त्यांनी मांडलेल्या शिरस्त्राणात प्रत्येक डोळ्यासमोर एक छोटी चित्रनलिका होती, आणि छतापासून लोंबणारा यांत्रिक दांडा डोक्याची हालचाल मोजून संगणकाला कळवीत असे, त्यामुळे मान वळली की रेषांनी काढलेला घनही त्यानुसार नव्याने रेखाटला जाई. माझ्या मते खरी झेप हीच, कारण मॉर्टन हायलिग यांच्या १९६२ च्या सेन्सोरामा या बसून चित्रपट पाहायच्या यंत्रात वास, वारा, कंपने सारे असले तरी चित्रपट ठरलेलाच चाले.

सपाट चित्रात जवळ-दूरचा भास होण्याचे तत्त्व त्याहून जुने, म्हणजे इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांचे, १८३८ चे. नागपुरात महालातील आमच्या वाड्यात आजोबांचा लाकडी स्टिरिओस्कोप, म्हणजे तो भास दाखवणारे दोन भिंगांचे उपकरण, अजून आहे. जवळपास सारखी दिसणारी दोन छायाचित्रे लावून पट्टी पुढेमागे सरकवली, की एका क्षणी सपाट कागदातला पूल अचानक दूर जातो आणि कठडा हाताशी येतो. हेडसेटमध्येही दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रेच दाखवतात.