एकच गोल सरकलेला: यात कारखाना कुठं दिसतो?

वाळूजकर:
पोरीच्या कॉलेजात, संभाजीनगरला, छापचित्रांचं प्रदर्शन बघितलं. एका स्क्रीन प्रिंटपुढं अडकलो. काळे चौकोन, प्रत्येकाच्या पोटात लाल गोल, ओळीखाली ओळ. फक्त खालच्या बाजूला एक गोल चौकोनाबाहेर गेलेला. पाटीवर लिहिलंय, 'घाऊक उत्पादनावर भाष्य'.

मी प्रेस शॉपमध्ये डाय फिटर, पत्रा कापायचे साचे (डाय) बसवतो. गोल पाडणं हाच धंदा, म्हणून हे डोकं खायलंय. गोल पाडणारा पंच बोथट झाला की बर, म्हणजे कडेची खरखर, हळूहळू वाढत जाते. डाय सरकली तर तिथून पुढचे सगळेच जॉब बाद. मधलाच एक वाकडा अन् पुढचे परत जागेवर, हे पट्टी हातानं सरकवताना होतं. मग हे मशीनवर भाष्य कसं? आणि खाली पेन्सिलीनं ७/२५ लिहिलंय, ते काय?

शाईवाला:
२५ छापांतला सातवा. ठरलेले छाप निघाले की बहुतेक जण स्क्रीन, म्हणजे जिच्यातून शाई उतरते ती जाळी, पुसून टाकतात.
गोलाचं म्हणाल तर लाल रंगाची स्क्रीन वेगळी असते, सगळे गोल स्क्वीजीच्या, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या, एकाच ओढीत उतरतात. जुळणी चुकली असती तर सगळेच सरकले असते. एकटाच सरकला म्हणजे तो स्क्रीनवरच्या स्टेन्सिलमध्येच तसा कापलाय. बाकीचे २४ छाप काढून बघा, तिथंही तसाच असणार.

हिमरू_प्रेमी:
नुसती पुनरावृत्ती दिसली की कारखाना आठवायचा, ही पाटी लिहिणाऱ्यांची खोड. आपल्या हिमरू कापडात एकच नक्षी ओळीनं येते, तीही हातमागावर. उलट अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलनं १९६२ साली सूपचे ३२ डबे रंगवले, दिसायला छापल्यासारखे, पण ते हातानं रंगवलेले. स्क्रीन प्रिंटकडं तो नंतर वळला.

वाळूजकर:
शाईवाले, हे भारी सांगितलंत. म्हणजे दोष डायमध्येच, आणि पहिला पीस कुणीतरी 'ओके' करून पुढं सोडलाय. हे आमच्या शॉपमधलंच चित्र झालं की! रात्रपाळीत असा लॉटच्या लॉट निघतो, सकाळी क्वालिटीवाला येऊन लाल बिनमध्ये टाकतो. इथं मात्र फ्रेम करून भिंतीवर.
पण चांगली स्क्रीन २५ वरच पुसायची? आम्ही डायला धार लावून लावून लाखांनी पीस काढतो, तेव्हा कुठं तिचा खर्च वसूल होतो. यांचा हिशेब कसा बसतो, किंमत काय लावतात एकाची?