मदत हवी आहे : येळवसीला शेतात घरच्यांचे फोटो काढायचेत, उन्हाचं काय करू?

निलंगा_शिवार
येळवसीला (शेतात पूजा आणि जेवण करायचा अमावस्येचा सण) दहाच दिवस उरलेत. मागच्या वर्षीच्या फोटोंत सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळं, बायकांच्या तोंडावर पदराची सावली आणि मागं आभाळ पांढरं फट्ट. यंदा खोपीपुढं (पूजेसाठी शेतात उभारलेली कडब्याची झोपडी) घरच्यांचे नीट पोर्ट्रेट हवेत. कोणतं सेटिंग ठेवायचं तेवढं सांगा. लेन्स भाड्यानं आणायची तर लातूरला जावं लागेल, म्हणून जरा लवकर.

मांजराकाठ
नुसतं सेटिंग सांगून भागत नाही. कॅमेरा कोणता? माणसं किती? खोपीचं तोंड कोणत्या दिशेला? फोटो किती वाजता? डोळ्यांखालचं काळं हा सेटिंगचा दोष नाही, भर दुपारच्या उन्हाचा आहे. पूजा साडेबारा-एकला असते आणि तेव्हाच सगळे उभे केले जातात. ऊन वरून येतं, भुवया आणि पदर डोळ्यांवर सावली टाकतात. तिथं कोणताही आकडा घातला तरी ती जाणार नाही.

कडबापेंडी
मोबाईलवर काढा, पोर्ट्रेट मोडवर. आजकाल कॅमेऱ्याची गरजच नाही.

मांजराकाठ
@कडबापेंडी, ज्वारीच्या पानांपुढं आणि कडब्यापुढं मोबाईलचं पोर्ट्रेट मोड हमखास फसतं. पानं आणि काड्या बारीक असतात, त्यामुळं माणसाची कड कुठं संपते हे फोनला कळत नाही. मग पदराची किनार धूसर होते आणि कानामागची एखादी काडी मात्र धारदार राहते. छोट्या पडद्यावर ते दिसत नाही, छापल्यावर दिसतं. मोबाईलच वापरायचा असेल तर साधा मोड, दोनपट झूम, आणि माणसाला ज्वारीपासून दहा-बारा फूट पुढं उभं करा.

उजेडवाला
दादा, सकाळी साडेसात ते नऊ. डिसेंबरात त्यासारखा उजेड नाही. बाकी चर्चा नको.

निलंगा_शिवार
दादा नाही, ताई. सकाळी कसं जमेल? घरातल्या बायका पहाटेपासून भज्जी, उंडे, धपाटे करत असतात. शेतात पोचायलाच अकरा वाजतात. कॅमेरा साधा डीएसएलआर आहे, १८-५५ आणि ५० एफ १.८ लेन्स, एक फ्लॅश. माणसं बारा. खोपीचं तोंड पूर्वेला.

मांजराकाठ
हे आधी सांगायचं ना. तोंड पूर्वेला आहे म्हणजे निम्मं काम झालं.

लातूर भागात डिसेंबरअखेर सूर्य मावळतो सहाच्या सुमारास. साडेतीनला तो क्षितिजापासून २८-२९ अंशांवर असतो आणि साडेचारला १७-१८ अंशांवर, तोही नैर्ऋत्येला. म्हणजे खोपीची सावली तोंडाच्या बाजूनं, ईशान्येकडं पडते. सहा फूट उंच खोप असेल तर साडेतीनला सावली सुमारे अकरा फूट, साडेचारला एकोणीस फूट. त्या सावलीत माणूस बसवा. समोरचं मोकळं आभाळ चेहऱ्यावर मऊ उजेड टाकतं आणि मागून कडब्याची कड सोन्यासारखी उजळते. पावणेचार ते सव्वापाच एवढाच वेळ धरा. पूजेचे फोटो एकला घ्यायचे ते घ्या, पण पोर्ट्रेट म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

तेरणाकाठ
सावली लांब असली तरी रुंदी खोपीएवढीच, पाच-सहा फूट. तिथं बारा माणसं मावत नाहीत, चार-पाच मावतील. सगळ्यांचा फोटो ज्वारीपुढं, सूर्य पाठीशी ठेवून काढा.

आणि ५० ची लेन्स एफ १.८ वर ठेवून ग्रुप काढायचा मोह सगळ्यांनाच होतो, तो टाळा. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि स्पष्ट येणारी खोली कमी. चार मीटरवरून त्या लेन्सला जेमतेम ४५ सेंटिमीटर खोली स्पष्ट मिळते. पुढची रांग बसलेली आणि मागची उभी असेल तर दोन्हींत पाऊण मीटर सहज पडतं. मागचे सगळे मऊ येतात, आणि घरी मोठ्या पडद्यावर बघितल्यावरच कळतं.

उजेडवाला
सूर्य पाठीशी घेतला की चेहरे काळे. फ्लॅश हवाच.

तेरणाकाठ
बारा माणसांना एक छोटा फ्लॅश उन्हात पुरत नाही. शिवाय साधा फ्लॅश लावला की शटर १/२०० सेकंदाच्या आसपास अडतं. त्यावर नेलं तर फोटोत काळा पट्टा येतो. चेहऱ्यावरच्या उजेडाचं मोजमाप घ्या, मागचं आभाळ थोडं गेलं तरी चालेल. आभाळ फ्रेममध्ये घ्यायलाच कशाला हवं? टाळक्यामागं कणसं येतील एवढं उंच पीक निवडा. मालदांडी ज्वारी तेव्हा माणसाच्या डोक्याला लागलेली असते.

उजेडवाला
पाच-सहा फुटांवरून दोघा-तिघांना फ्लॅश उत्तम चालतो, एवढं तरी मान्य करा.

तेरणाकाठ
दोघा-तिघांना, हो. तेही पांढऱ्या कपड्यातून किंवा छत्रीतून, थेट नको. पैठणीच्या जरीवर थेट फ्लॅश पडला की पदराच्या जागी पांढरा डाग येतो.

पेनगंगा_नांदेड
ताई, ड्रोननं वरून काढा. खोप, ज्वारीचं रान आणि मध्ये सगळे गोल बसलेले. लई भारी दिसतं.

मांजराकाठ
त्यांनी चेहरे मागितलेत, रान नाही. शिवाय ड्रोनच्या वाऱ्यानं आंबिलात धूळ पडते.

निलंगा_शिवार
ड्रोन नको. एक सांगायचं राहिलं, आजी ८१ वर्षांची आहे. सहस्रचंद्रदर्शन येतंय, त्यासाठी तिचा एकटीचा फोटो १२ बाय १८ इंच छापायचाय. तिला खाली बसता येत नाही. चष्मा आहे, डोक्यावरून पदर असतो. आणि मागच्या वर्षी सगळे निळ्या ताडपत्रीखाली बसले होते, तेव्हा चेहरे आजारी माणसासारखे आले.

मांजराकाठ
अहो, मुख्य गोष्ट हीच होती!

निळ्या ताडपत्रीतून निळाच उजेड येतो. चेहऱ्यावरचा तो रंग नंतर घालवायला गेलं की साड्यांचे रंग बिघडतात. ताडपत्री ओढा बाजूला. सावली हवीच असेल तर पांढरं धोतर चार काठ्यांना बांधा, त्याचा एक थर साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड खातो आणि ऊन मऊ करतो. पांढरंच हवं, केशरी किंवा हिरवा मंडपाचा कपडा नको. झाडाखाली बसवायचं तर आंबा किंवा चिंच, बाभूळ नको. बाभळीतून उन्हाचे ठिपके पडतात, एक ठिपका नाकावर आला की फोटो गेला.

आजीसाठी : खोपीच्या तोंडाशी बाज किंवा खुर्ची टाका, खुर्ची प्लास्टिकची असेल तर घोंगडीनं झाका. ५० ची लेन्स, अडीच मीटर अंतर, एफ २.८ ते ४. शटर १/२५० च्या खाली नको. उघड्या सावलीत आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १०० ते २०० वर बसतं. तुम्ही गुडघ्यावर बसा, कॅमेरा आजीच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्यानं काढला तर आजी खुजी दिसते आणि पदर कपाळ गिळतो.

पदराखालची सावली जाण्यासाठी थर्माकोलची पांढरी शीट घ्या, तीन बाय दोन फुटांची. कुणालातरी ती आजीच्या गुडघ्यांपुढं, फ्रेमच्या जरा खाली, आभाळाकडं कलती धरायला सांगा. डोळ्यांत पांढरा ठिपका दिसायला लागला की जागा बरोबर. चांदीचा चमकता कागद लावू नका, वय झालेल्या डोळ्यांना तो टोचतो. चष्म्यात आभाळ चमकत असेल तर काड्या कानावर बोटभर वर उचला, काचा खाली झुकतात आणि चमक जाते. चष्मा काढायला लावू नका, ती त्यांची ओळख आहे.

आंबीलवाटी
आजीच्या हातात पितळेची बिंदगी (आंबिलीची छोटी घागर) द्या, चकाकी छान येते.

उंडे_भज्जी
कल्हई नसेल तर पितळेत आंबील घालू नका. ताक आंबट, ते कळकतं. नंतर सगळ्यांना प्यायचंय. मातीची बिंदगीच बरी, फोटोतही तिचा रंग कडब्याशी जुळतो. आणि भज्जीत यंदा ओला हरभरा लवकर मिळतोय, तूर आणि वाल पण टाका, चिंचेचा कोळ शेवटी.

तेरणाकाठ
कपड्यांचं कुणी बोललंच नाही. हिरवी साडी ज्वारीपुढं हरवते. मरून, मोहरी, जांभळा उठून दिसतो. आजीला गडद इरकल असेल तर तीच, काठ जरा दिसू द्या. पुरुषांचा सदरा-धोतर पांढरं असतं, म्हणून त्यांच्या फोटोत अर्धा स्टॉप उजेड कमी करा, नाहीतर कापडाच्या चुण्या पुसल्या जातात. खोपीतल्या चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांचंही तसंच. आणि हिरव्या पिकात अगदी आत उभं केलं की हनुवटीखाली हिरवा रंग चढतो. बांधावर उभं करा, पायाखाली माती असू द्या.

पेनगंगा_नांदेड
'येळवस' लिहिताय ते 'वेळ अमावस्या' हवं ना? आमच्याकडं तसंच लिहितात.

उंडे_भज्जी
बिदर, कलबुर्गीकडं हाच सण एळ्ळ अमावस्या म्हणून होतो. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. येळवस तिकडूनच आलं असावं, तिळाची पोळी उगाच नसते करत. 'वेळ' नंतर कागदोपत्री आलं असं मला वाटतं.

निलंगा_शिवार
कृपा करून नावाचा वाद दुसऱ्या धाग्यावर. बारा जणांच्या फोटोचं सेटिंग राहिलंय.

तेरणाकाठ
१८-५५ लेन्स ३५ वर ठेवा, सहा मीटर लांब उभ्या राहा. चार मीटर रुंदी मिळते. मागं सात उभे, पुढं पाच बाजेवर आणि खुर्च्यांवर, मधोमध आजी. खांद्याला खांदा लावून सात माणसं साडेतीन मीटरच्या आत बसतात. १८ वर ठेवून जवळ गेलात तर कडेची माणसं ताणून जाड दिसतात, आणि कडेला नेमक्या सुनाच उभ्या असतात. एफ ८, शटर १/२५०, आयएसओ ४००. एका मांडणीचे निदान दहा फोटो घ्या, बारा माणसांत कुणीतरी डोळे मिटलेलं असतंच. रॉ फाईल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) ठेवा.

१२ बाय १८ चं प्रमाण कॅमेऱ्याच्या फ्रेमसारखंच आहे, काही कापलं जात नाही. पण १२ बाय १५ ची तयार फ्रेम घेतली तर दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच जातो, कडेच्या दोघांचे खांदे गेलेच. छापायला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरलं तर ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. फाईल पेन ड्राइव्हवर द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून गेली की बारीक होते.

उजेडवाला
संध्याकाळचा हेंडगा (कडब्याची पेटती पेंडी घेऊन शेतात फिरतात तो) सोडू नका. सूर्य मावळल्यावर पाच ते वीस मिनिटं, आभाळ निळं असताना. एफ २.८, १/१२५, आयएसओ १६०० ते ३२००. मोजमाप आभाळाचं घ्या, आगीचं नको. फोकस लागत नसेल तर चेहऱ्यावर मोबाईलची बॅटरी मारा, फोकस लॉक करा, मग पेटवा.

उंडे_भज्जी
पेटवा काय? खोप वाळल्या कडब्याची, शेजारी तुरीच्या काड्या, अंगावर नायलॉनची साडी. फोटोसाठी हेंडगा धरणाऱ्याला एका जागी थांबवलं की ठिणग्या तिथंच पडतात. तो नेहमी चालत असतो, वाऱ्याकडं पाठ करून.

उजेडवाला
बरोबर आहे. मोकळ्या, नांगरलेल्या तुकड्यात काढा, खोपीपासून पन्नास फूट लांब. पाण्याच्या दोन घागरी जवळ. हेंडगा धरणारा सुती कपड्यांत. लेकरं फ्रेममध्ये नकोत.

निलंगा_शिवार
लेन्स भाड्यानं आणत नाही मग. पावणेचारला आजी, सव्वाचारला सगळे, थर्माकोल उद्याच आणते. एकच शंका, आजी दुपारी जेवून तिथंच झोपते. तीनला उठवली की चेहरा सुजलेला असतो.

मांजराकाठ
सव्वातीनला उठवा, गार पाण्यानं तोंड धुवायला द्या, चहा पाजा. पहिली दहा मिनिटं कॅमेरा समोर नको. नातवंडं जवळ बसवा आणि आंबील कशी लागली ते त्यांना विचारायला सांगा. ती बोलायला लागली की मग काढा.